आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याचे एलएलएम: कर्ज काढण्याआधी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली एलएलबी झालेली मुले-मुली सध्या परदेशातल्या ‘इंटरनॅशनल क्रिमिनल लॉ अँड जस्टिस’ या एलएलएमबद्दल, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीबद्दल, विचारू लागली आहेत. विषय मोलाचा आहे. सीमाभागातल्या मराठी घरांतून कुणी या वाटेने जात असेल तर त्याला मागे ओढू नये. पण सल्लागारांच्या पत्रकांत या पदवीचे जे चित्र रंगवले जाते ते अर्धेच असते, आणि उरलेले अर्धे कळेपर्यंत घरावर कर्ज चढलेले असते. म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिला घोटाळा न्यायालयांच्या नावातच होतो. कुलभूषण जाधव यांचा खटला हेगमध्ये चालला, म्हणून तो याच विषयातला, असे समजून मुले अर्जात तो लिहितात. तो खटला आंतरराष्ट्रीय न्यायालयात होता. तिथे देश विरुद्ध देश असा वाद चालतो. प्रश्न होता वकिलातीच्या अधिकाऱ्यांना जाधवांना भेटू देण्याचा, व्हिएन्ना करारानुसार. निकाल १७ जुलै २०१९ रोजी लागला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयही हेगमध्येच आहे, पण ते वेगळे. तिथे आरोपी देश नसतो, माणूस असतो. १७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये त्याची संहिता संमत झाली, १ जुलै २००२ पासून ती अमलात आली. तिच्यात १२८ कलमे आहेत आणि गुन्हे फक्त चार: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. रोममध्ये १२० देशांनी बाजूने मत दिले, ७ विरोधात गेले, २१ तटस्थ राहिले. त्या २१ मध्ये भारत होता, आणि आजही आपण सदस्य नाही. ही गोष्ट नोकरीच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे, त्यावर पुढे.

एलएलएममध्ये शिकवतात काय? ब्रिटनमध्ये साधारण एक वर्ष, १८० क्रेडिट, त्यातला तिसरा हिस्सा प्रबंधाचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्युरेम्बर्ग आणि टोकियो इथल्या खटल्यांपासून सुरुवात होते. टोकियोत सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे भिन्न मतपत्र तिथे आवर्जून वाचायला देतात, तेव्हा ते इथूनच वाचून जावे. मग युगोस्लाव्हिया आणि रवांडाची न्यायाधिकरणे. पण खरा अभ्यास इतिहासाचा नसतो, पुराव्याचा असतो.

एक उदाहरण जवळून पाहू. संहितेचे कलम २८ वरिष्ठाच्या जबाबदारीचे आहे. हाताखालच्यांनी गुन्हा केला तर लष्करी कमांडर कधी दोषी? त्याला माहीत होते, किंवा त्या वेळची परिस्थिती पाहता माहीत असायला हवे होते, आणि तरीही त्याने आपल्या अखत्यारीतले आवश्यक व वाजवी उपाय केले नाहीत, तेव्हा. वरिष्ठ मुलकी असेल तर कसोटी कडक होते: गुन्हा स्पष्टपणे दाखवणाऱ्या माहितीकडे त्याने जाणूनबुजून डोळेझाक केली, हे सिद्ध करावे लागते. आता काँगोचे ज्यां-पियेर बेंबा यांचा खटला घ्या. त्यांच्या सैनिकांनी शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात खून, बलात्कार आणि लूट केली. २१ मार्च २०१६ रोजी बेंबा दोषी ठरले, १८ वर्षांची शिक्षा झाली. ८ जून २०१८ रोजी अपिलात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ते सुटले. दूर बसून परक्या मुलखातल्या फौजेवर कारवाई करण्यात कमांडरला ज्या अडचणी येतात त्यांचा विचार नीट झाला नाही, आणि काही कृत्ये मुळात आरोपपत्राच्या कक्षेतच नव्हती, असे बहुमताचे म्हणणे होते. परीक्षेत विचारतात ते हेच: ‘आवश्यक व वाजवी’ म्हणजे किती, आणि ते कुणाच्या जागी उभे राहून मोजायचे? आपल्याकडच्या गाइडवर तयार झालेला विद्यार्थी इथे अडखळतो, कारण त्याला कलम पाठ असते. निकालपत्रातल्या परिच्छेदाचा क्रमांक देऊन, विरोधी मताला उत्तर देत बाजू मांडायची सवय नसते. ही सवय इथे बसूनही लागते. संहिता, गुन्ह्यांचे घटक सांगणारे ‘एलिमेंट्स ऑफ क्राइम्स’ आणि न्यायालयाचे नियम विनामूल्य उपलब्ध आहेत. न्यायालयाच्या ‘लीगल टूल्स’ या संग्रहातले निकालही फुकट वाचता येतात. आठवड्याला एक निकाल नव्हे, महिन्याला एकच घ्यावा, पण कागद-पेन्सिल घेऊन: आरोप कोणता, कलमाचे घटक किती, प्रत्येक घटकासाठी कोणता साक्षीदार, आणि कुठल्या घटकापाशी पुरावा तोकडा पडला.

अर्जातल्या हेतुपत्राबद्दल (स्टेटमेंट ऑफ पर्पज) सीमाभागातल्या मुलांना विशेष सांगायचे आहे. मराठी शाळांचे, फलकांचे, कागदपत्रांचे दुःख खरे आहे आणि ते लिहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याला ‘मानवतेविरुद्धचा गुन्हा’ म्हणून मांडू नका. कलम ७ ला नागरी लोकसंख्येवरचा व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला लागतो, त्यामागे राज्याचे किंवा संघटनेचे धोरण लागते, आणि करणाऱ्याला त्या हल्ल्याची जाणीव असावी लागते. निवड करणारा प्राध्यापक ते वाक्य वाचून अर्ज बाजूला ठेवील. आपला प्रश्न राज्यघटनेच्या कलम २९, ३०, ३५०अ आणि ३५०ब यांचा आहे, आणि सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात कलम १३१ खाली आहे. भाषिक अल्पसंख्याक म्हणून वाढल्याने कायद्याच्या भाषेकडे, साक्षीच्या भाषांतराकडे बघण्याची जी नजर आली, ती मात्र जरूर लिहा. न्यायालयात साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो आणि न्यायाधीश इंग्रजी किंवा फ्रेंचमधून ऐकतात. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांतले कागद रोज हाताळणाऱ्या माणसाला तिथली अडचण लवकर उमगते.

आता कागदपत्रे. इथेच सर्वाधिक महिने वाया जातात.

नावापासून सुरुवात करा. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर नुसती आद्याक्षरे, पीयूसीला वडिलांचे नाव आडनावाच्या जागी, आधारवर कन्नडमधून फिरून आलेले स्पेलिंग, आणि पासपोर्टावर चौथाच प्रकार, ही सीमाभागातली नेहमीची गत आहे. परदेशी विद्यापीठ आणि व्हिसा अधिकारी पासपोर्टावरचे नाव प्रमाण धरतात. दुरुस्ती नेहमी खालून वर करावी: आधी शाळेची नोंद, मग बोर्ड, मग विद्यापीठ, शेवटी पासपोर्ट. उलट केले की दोनदा पासपोर्ट काढावा लागतो. जुन्या कागदावर ‘बेलगाम’ आणि नव्यावर ‘बेळगावी’ असेल तर घाबरू नका. नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलले, एका ओळीचा खुलासा पुरतो. जन्मदाखला कन्नडमध्ये असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.

अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, लागणार असेल तर नियम लक्षात ठेवा: कागद ज्या राज्याने दिला त्या राज्याची साक्षांकने आधी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. हुबळीच्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाची पदवी असेल तर काम कर्नाटकात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असेल तर महाराष्ट्रात. बीए कोल्हापूरला आणि एलएलबी बेळगावात केलेल्यांना दोन्ही राज्यांच्या दारात जावे लागते. ट्रान्स्क्रिप्टसह (विद्यापीठाने दिलेली सर्व विषयांच्या गुणांची नोंद) या सगळ्याला दोन महिने हातात ठेवावेत. इंग्रजीच्या परीक्षेत, म्हणजे आयईएल्ट्समध्ये, कायद्यासाठी बहुतेक ठिकाणी ६.५ ते ७ मागतात. हा निकाल दोन वर्षेच चालतो, म्हणून फार आधी देऊ नये.

पैशाचा हिशेब मुलांपेक्षा पालकांनी नीट वाचावा. ब्रिटन किंवा नेदरलँड्समध्ये फी आणि वर्षभराचे राहणे मिळून ३० लाखांच्या पुढे सहज जाते. बँकांच्या नमुना योजनेत साडेसात लाखांवरच्या कर्जाला तारण लागते, आणि परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के रक्कम आपली घालावी लागते. अनेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. पहाणी उतारा कितीही स्वच्छ असो, घर किंवा बिगरशेती प्लॉट मागतात. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. एलएलएम एक वर्षाचे, म्हणजे विमानात बसल्यापासून जेमतेम दोन वर्षे. त्यातले सहा महिने हेगच्या बिनपगारी इंटर्नशिपमध्ये गेले तर नोकरी शोधायला उरते किती? फौजदारी न्यायालयाची इंटर्नशिप तीन ते सहा महिन्यांची असते आणि बहुतेक बिनपगारीच असते. नेमणुकांत सदस्य देशांच्या नागरिकांना प्राधान्य मिळते, आणि आपण सदस्य नाही. म्हणजे भारतीयाला दार बंद नाही, पण रांगेत मागे उभे राहावे लागते. आरोपी किंवा पीडितांचे वकील म्हणून तिथल्या यादीत यायचे तर किमान १० वर्षांचा अनुभव हवा, सहायक म्हणून ५ वर्षांचा. नुसती पदवी कुठेच पुरत नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत: एलएलबीच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका. दोन-तीन वर्षे इथल्या फौजदारी न्यायालयात उभे राहा. सेशन्स खटल्यात साक्षीदाराचा उलटतपास कसा घेतात, पंचनाम्यातली तफावत कशी धरतात, हे पाहिलेला माणूस तिथल्या वर्गात वेगळा उठून दिसतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र, त्यातले दोन भाग आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकी ठसा), हे आता आपल्या रोजच्या कामात आले आहे. युद्धातले मोबाइल व्हिडिओ पुरावा म्हणून टिकवताना नेमका हाच प्रश्न येतो, आणि त्यासाठीच २०२० मध्ये ‘बर्कले प्रोटोकॉल’ तयार झाला. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीलाही २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतोच. तिचे अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या आसपास बंद. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी आहे. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत आणि ६० टक्के गुण लागतात. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून चालू वर्षाचा घ्यावा. महाराष्ट्र शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्यांत रहिवासाची अट असते. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांनी ती अट शब्दन्‌ शब्द वाचूनच अर्ज करावा, कारण महाराष्ट्रातल्या प्रवेशांत मिळणारी सीमाभागाची सवलत वेगळी आणि ही अट वेगळी.

देशात राहून हा विषय करता येतो का? येतो. क्लॅट या विधी प्रवेश परीक्षेच्या पदव्युत्तर भागातून, म्हणजे १२० प्रश्न आणि दोन तास, राष्ट्रीय विधी विद्यापीठांत एक वर्षाचे एलएलएम मिळते. तिथे प्रबंध या विषयावर घेता येतो. दिल्लीच्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीत आंतरराष्ट्रीय कायद्याचे दोन वर्षांचे एलएलएम आहे. प्राध्यापकीकडे जायचे असेल तर परदेशी एक वर्षाच्या पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न आधी तपासा. बार काउन्सिलच्या २०२० च्या नियमांवरून तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत, म्हणजे नेटच्या कायदा विषयात, आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवतावादी कायदा आहेत, तेव्हा तो अभ्यास वाया जात नाही. आणि हेगचेच मनात असेल तर आजपासून फ्रेंच. न्यायालयाच्या कामकाजाच्या दोन भाषांपैकी ती एक आहे, आणि इंग्रजी तर सगळ्यांनाच येते.

या भागातल्या विधी महाविद्यालयांकडे मागणे लहान आहे. टिळकवाडीतले राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून चालू आहे. देशाचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या तिथले विद्यार्थी. कायद्याच्या शिक्षणाची ही परंपरा मोठी आहे, आणि तिला शोभेल असे एक काम सर्वच महाविद्यालयांनी करावे: अध्यापकांना संस्थेच्या नावाचा ई-मेल द्यावा. अनेक परदेशी विद्यापीठे शिफारसपत्राची लिंक अधिकृत पत्त्यावरच पाठवतात. प्राध्यापकांकडे फक्त खासगी जीमेल असेल तर अनेकदा संदर्भ ग्राह्य धरत नाहीत, आणि मुलाचा अर्ज शेवटच्या आठवड्यात अपुरा राहतो. त्याबरोबर ग्रंथालयात रोम संहितेची छापील प्रत आणि न्युरेम्बर्ग किंवा हेगच्या मूट कोर्ट (अभिरूप न्यायालय) स्पर्धेचे एखादे जुने प्रकरण ठेवावे. हे जूनपर्यंत झाले तर ऑक्टोबरमध्ये अर्ज करणाऱ्यांना उपयोगी पडेल.

आपले,
बेळगाव परिसरातील काही वकील व विधी अध्यापक