रस्त्याकडेची कण्हेर राखावी, मैदानाजवळची बिट्टी काढावी : सोसायटीच्या समितीस पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय समितीचे सर्व सदस्य,
आपली सहकारी गृहरचना संस्था, पुणे

विषय : आवारातील विषारी झुडपे सरसकट उपटण्याच्या निर्णयाचा फेरविचार करण्याबाबत

मा. अध्यक्ष महोदय,

सप्रेम नमस्कार. आवारातील सर्व विषारी झुडपे यंत्र लावून मुळासकट काढली जातील, अशी सूचना समितीने फलकावर लावली आहे. मैदानात खेळणाऱ्या एका लहान मुलाच्या हातात बिट्टीचे फोडलेले फळ दिसले आणि त्याच्या आईने ते वेळीच काढून घेतले, त्यानंतर हा निर्णय झाला. त्यामागची काळजी मला पूर्ण पटते आणि त्या प्रसंगाची समितीने तातडीने दखल घेतली हे योग्यच झाले. तरीही या सूचनेत दोन वेगळी झाडे एकाच नावाखाली आली आहेत आणि त्यांचा धोका सारखा नाही. म्हणून मैदानाजवळची बिट्टी जरूर काढावी, पण रस्त्याकडेच्या भिंतीलगतची कण्हेर राखावी आणि तिची निगा नीट ठरवून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

घसरगुंडीच्या मागे जी पिवळ्या फुलांची उंच झाडे आहेत, ती बिट्टी, म्हणजेच पिवळी कण्हेर. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. त्याची फळे आधी हिरवी असतात, पिकली की काळी पडतात आणि आपोआप खाली गळतात. आतली कठीण बी मुलांना खेळायला आवडते. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी बिट्ट्या गोळा केल्या असतील. या झाडाचा पांढरा चीक, पाने, फुले सगळेच विषारी आहे आणि बिया विशेष घातक आहेत. त्यातली द्रव्ये थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. जे फळ मुलांच्या पायाशी येऊन पडते आणि खेळणे म्हणून हातात जाते, त्याचे झाड मैदानाला लागून असूच नये. याबाबत माझे दुमत नाही.

भिंतीलगतची गुलाबी, पांढरी आणि लाल कण्हेर ही खरी कण्हेर, संस्कृतात जिला करवीर म्हणतात ती. तीही सर्वांगाने विषारी आहे, हे मी मुळीच लपवत नाही. मात्र तिला गळून पडणारी गोल फळे येत नाहीत, तर लांबट शेंगा येतात, आणि त्या वेळेवर छाटता येतात. शिवाय ही रांग मैदानापासून दूर, वाहनतळाच्या पलीकडे आहे. महामार्गांच्या दुभाजकांवर वर्षानुवर्षे कण्हेर लावली जाते ती काही उगाच नाही. तिची पाने चामड्यासारखी जाड असतात आणि पानांची श्वासरंध्रे खालच्या बाजूच्या लव असलेल्या खळग्यांत दडलेली असतात, त्यामुळे पाणी कमी उडून जाते आणि कडक उन्हात, धुरात, धुळीत हे झुडूप तग धरते. एप्रिल-मेमध्ये टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या आपल्यासारख्या सोसायटीला जवळजवळ पाण्याविना फुलणारे आणि रस्त्यावरची धूळ अंगावर झेलणारे दुसरे कुंपण सहज मिळणार नाही. ही रांग पुरती वाढायला किती काळ गेला, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहेच.

आता निगेविषयी, कारण माझ्या मते खरी उणीव तिथे आहे. सध्या माळीदादा दर महिन्याला मोठ्या कात्रीने कुंपणाचा वरचा भाग सपाट कापतात. कण्हेरीला फूल येते ते नव्या फांदीच्या शेंड्यावर, त्यामुळे दर वेळी कळ्याच कापल्या जातात आणि छाटलेला पाला मात्र महिन्याला नव्याने साठतो. त्याऐवजी हिवाळा संपता संपता एकदाच नीट छाटणी करावी: जुन्या, दाट झालेल्या फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश बुडापाशी कापाव्यात, बुंध्यातून फुटणारे अनावश्यक फुटवे काढावेत आणि उरलेल्या फांद्या छातीइतक्या उंचीवर ठेवाव्यात. नंतर वर्षभर फक्त शेंगा आणि वाटेत येणारी एखादी फांदी काढली तरी पुरे. विषारी झुडपाला जितक्या कमी वेळा कात्री लागेल तितका त्याचा चीक कमी हातांना लागेल, हा साधा हिशोब आहे. पाणी पहिल्या दोन वर्षांनंतर जवळजवळ लागत नाही आणि वर्षातून एकदा शेणखत दिले की भागते.

छाटणी करणाऱ्याच्या हातात रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोळ्यांना चष्मा असलाच पाहिजे, आणि तो खर्च सोसायटीने करायला हवा. चिकाने कातडीची आग होते आणि डोळ्यांना त्रास होतो. आपले माळीदादा उघड्या हातांनी हे काम करतात आणि त्याच हातांनी पुढे डबा खातात, हे पाहून मला फार वाईट वाटते. मुलांइतकीच त्यांची काळजी घेणे हेही आपले काम आहे.

छाटलेल्या पाल्याचे काय करायचे, हा प्रश्न तर मला झाडापेक्षाही गंभीर वाटतो. आज तो पाला फाटकाबाहेर ठेवला जातो आणि तिथे गाई-शेळ्या येतात. ओली पाने कडू लागतात म्हणून जनावरे ती सहसा टाळतात, पण सुकल्यावरही पानांतले विष जात नाही आणि इतर चाऱ्यात मिसळलेली सुकी पाने जनावर खाऊन टाकते. तो पाला पेटवूनही देऊ नये, कारण त्याचा धूर श्वासाला त्रासदायक असतो. उघड्यावर कचरा जाळणे तसेही नियमाने मना आहे. तो आपल्या खतखड्ड्यातही नको, कारण ते खत गच्चीवरच्या मेथी-कोथिंबिरीच्या कुंड्यांत जाते. पाला पोत्यात बांधून त्याच दिवशी महापालिकेच्या बागकचऱ्याच्या गाडीत द्यावा आणि तोवर पोती कुलपाच्या खोलीत ठेवावीत. कण्हेरीच्या काड्या दात कोरायला, चुलीत घालायला किंवा भाजण्याच्या सळईसारख्या वापरू नयेत, हेही बांधकामावरच्या कुटुंबांना आणि पहारेकऱ्यांना समजावून सांगायला हवे.

पूजेचाही विचार करावा लागेल. गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये कण्हेरीचे पान आहे, धोत्रा आणि रुईही आहेत, आणि भाद्रपदात आपल्याच कुंपणावरून पाने खुडली जातात. ही परंपरा मोडावी असे मी सुचवत नाही. फक्त ही पाने-फुले तीर्थात, नैवेद्याच्या ताटात किंवा प्रसादाजवळ ठेवू नयेत आणि निर्माल्य वेगळे गोळा करावे. केरळात मे 2024 मध्ये त्रावणकोर देवस्वम मंडळाने आपल्या देवळांत नैवेद्य आणि प्रसादासाठी अरळीची, म्हणजे कण्हेरीची, फुले वापरण्यास मनाई केली. तिथेही झाडे सरसकट तोडण्याचा नव्हे, तर जे तोंडात जाते त्यापासून फूल दूर ठेवण्याचा मार्ग निवडला गेला, आणि तो मला शहाणपणाचा वाटतो.

काही सभासद कण्हेरीवरच्या अळ्या आणि पिवळा मावा पाहून औषध फवारण्याचा आग्रह धरतात. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन जातो. अळ्यांपैकी काही कॉमन क्रो या तपकिरी-काळ्या फुलपाखराच्या असतात आणि त्यांचे कोश चांदीसारखे चकचकीत दिसतात. मुलांना लांबून दाखवण्यासारखी ही गोष्ट आहे आणि झाडाला हात न लावण्याची सवय लावायलाही तीच वेळ चांगली.

बिट्टी काढण्यापूर्वी एक खबरदारी घ्यावी. ती झाडे आता खोड धरून उंच वाढली आहेत, त्यामुळे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लक्षात घेऊन महापालिकेच्या उद्यान विभागाला आधी लेखी विचारावे. झाडे काढल्यावरही खाली पडलेल्या बियांतून पावसाळ्यात रोपे उगवतील, ती लहान असतानाच उपटायला हवीत. मोकळ्या झालेल्या जागी जास्वंद किंवा मोगरा लावावा. पर्याय म्हणून कोणी अलामांडा सुचवला होता, पण तोही कण्हेरीच्याच कुळातला आणि चिकाळ आहे. त्याचबरोबर लॉबीतल्या डायफेनबेकियाच्या कुंड्या कृपया वर उचलून ठेवाव्यात. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, पान चावले तर तोंड आणि जीभ सुजते, आणि त्या कुंड्या रांगणाऱ्या बाळाच्या अगदी उंचीवर आहेत.

भिंतीजवळ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत चित्रासह एक फलक लावावा. कोणी झाडाचा भाग खाल्ला तर तोंड धुवावे, उलटी करवू नये, त्रास जाणवण्याची वाट न पाहता झाडाची फांदी सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे, आणि 108 ला फोन करावा, एवढा मजकूर पुरेसा आहे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांकही त्यावर असावा आणि पहारेकऱ्यांच्या चौकीत वेगळा लिहून लावावा. रुग्णालयात हृदयाचे ठोके आणि रक्तातले पोटॅशियम तपासावे लागते, म्हणून मूल वरवर बरे दिसते आहे एवढ्यावर घरी थांबून चालत नाही.

यंत्र बोलावण्यापूर्वी हा विषय पुढील बैठकीत घ्यावा आणि मला दहा मिनिटे बोलण्याची परवानगी द्यावी. छाटणीच्या पहिल्या दिवशी माळीदादांसोबत उभे राहण्याची, फलकाचा मजकूर लिहून देण्याची आणि ज्यांची मुले लहान आहेत त्या घरी स्वतः जाऊन ही दोन झाडे ओळखायला शिकवण्याची जबाबदारी मी घेते. मोजे, चष्मे आणि फलक यांच्या खर्चाचा अंदाज बैठकीपूर्वी सचिवांकडे देईन.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक सभासद, ए विंग