लठ्ठपणावर भाषण पुरे, मोजायला शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातील 24 टक्के महिला आणि जवळपास 23 टक्के पुरुष अतिवजनाचे किंवा लठ्ठ आढळले. शाळांत यावर वर्षातून एकदा व्याख्यान होते आणि मधल्या सुट्टीत मुले पुन्हा फाटकाबाहेरच्या गाड्यावर. सांगली जिल्ह्यातल्या शाळांनी आता मुलांना आणि पालकांना मोजायला शिकवावे.

आधी कंबर. टेप पँटच्या पट्ट्यावर धरला की आकडा फसवतो, कारण सुटलेले पोट बहुधा पट्ट्याच्या वर असते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर, टेप आडवा आणि न आवळता धरावा. पुरुषांना 90, स्त्रियांना 80 सेंटिमीटर ही मर्यादा. हे आकडे मुलांना लावू नयेत. मुलांचा बीएमआयही (उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक) वय व लिंगानुसारच्या तक्त्यावरच पाहावा. बारा वर्षांच्या लठ्ठ मुलाचा आकडा प्रौढांच्या 25 च्या मर्यादेत बसू शकतो आणि मूल चुकून निरोगी ठरते. वजन वर्गासमोर तर कधीच घेऊ नये. एकदा चिडवणे सुरू झाले की ज्याला खेळण्याची सर्वांत जास्त गरज, तेच मूल मैदान टाळते.

साखर विज्ञानाच्या तासाला तराजूवर तोलून दाखवावी. अनेक शीतपेयांत 100 मिलीला 11 ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत साधारण 27 ग्रॅम, सहा-सात लहान चमचे. प्रौढाची दिवसाची 25 ग्रॅमची मर्यादा तिथेच ओलांडली. पाकिटावरचा आकडा ‘प्रति सर्व्हिंग’ (कंपनीने धरलेल्या एका वेळच्या वाढणीचा) आहे की 100 ग्रॅमचा, हे आधी वाचायला शिकवावे. पाकीट 50 ग्रॅमचे आणि सर्व्हिंग 20 ग्रॅमचे, अशी मांडणी सर्रास असते. आपल्याकडे गुळाचा चहा म्हणजे मोकळीक समजतात. गुळातही जवळपास साखरेइतकेच उष्मांक आहेत.

पालकसभेत विषय तेलाचा घ्यावा, कारण बाजार पालक करतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 2000 उष्मांकांच्या आहारात दिवसाला 27 ते 30 ग्रॅम तेल-तूप पुरे. चौघांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन किलो. या हिशोबाने 15 किलोचा डबा चार महिन्यांहून जास्त पुरला पाहिजे, आणि फोडणी, तळण, तूप, लोणी सगळे त्यातच धरायचे. डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहावी. बाहेरची भजी आणि वडे यात मोजलेच जात नाहीत, हेही सांगावे.

2020 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे जादा चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून कोणत्याही दिशेला 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. शाळा व्यवस्थापन समित्यांनी टेप घेऊन हे अंतर मोजावे, रेषा आखावी आणि आत कोणी विकत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी.

आपले,
शालेय आरोग्यशिक्षणात काम करणारे आहारतज्ज्ञ, सांगली