गरज 72 अंशांची, वाफ 170 अंशांची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोळसा, तेल आणि वायू यांवरच्या अवलंबित्वाची चर्चा बहुतेक वेळा पेट्रोलपंप आणि वीजकेंद्रांभोवतीच फिरते. जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी मात्र उष्णता म्हणून खर्च होते, आणि त्यातला मोठा हिस्सा कारखान्यांच्या बॉयलर व भट्ट्यांत जातो. तिथे वाया जाणारे इंधन आजच्या साधनांनीच वाचवता येते. त्याबद्दल नेमके लिहावे, म्हणून हे पत्र.

सात बार दाबाच्या वाफेच्या पाइपला 3 मिलिमीटरचे एक भोक पडले, तर ताशी साधारण 25 किलो वाफ निघून जाते. वर्षात 8,000 तास काम चालले तर ही 200 टन वाफ झाली. चांगला बॉयलर एक किलो फर्नेस ऑइलवर 12 ते 13 किलो वाफ देतो. म्हणजे त्या एका भोकापायी वर्षाला सुमारे 16 टन तेल जळते आणि 50 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेलात साडेतीन टक्के गंधक असेल तर सल्फर डायऑक्साइडही एक टनाहून अधिक निघतो, कारण जळताना एक किलो गंधकाचा दोन किलो वायू होतो.

पाइपमधून बाहेर पडणारी वाफ निदान दिसते, आवाज करते. स्टीम ट्रॅप उघडा अडकला तर तेही होत नाही. वाफ अडवून फक्त पाणी सोडणे हे ट्रॅपचे काम. तो बिघडला की ताजी वाफ पाण्याच्या परतीच्या पाइपमधून गुपचूप निघून जाते. जिथे तीन ते पाच वर्षे ट्रॅप तपासलेलेच नाहीत, तिथे 15 ते 30 टक्के ट्रॅप निकामी निघतात, हा या क्षेत्रातला सर्वमान्य आकडा आहे. ट्रॅप तपासताना केवळ तापमानावर विसंबू नये. परतीच्या पाइपमध्ये दाब असेल तर तिथले पाणीही शंभर अंशांच्या वर असते आणि चांगला ट्रॅपसुद्धा बिघडल्यासारखा वाटतो. अल्ट्रासॉनिक यंत्राने आतला आवाज ऐकणे अधिक भरवशाचे.

परत येणाऱ्या या गरम पाण्याची, म्हणजे कंडेन्सेटची, हेळसांड आम्हाला सर्वाधिक खटकते. सात बारच्या वाफेतली जवळपास पाव उष्णता त्यात शिल्लक असते. बॉयलरला जाणारे पाणी सहा अंशांनी गरम झाले की इंधन सुमारे एक टक्का वाचते. 30 ऐवजी 90 अंशांचे पाणी दिले तर नऊ-दहा टक्के. तरीही अनेक ठिकाणी ते गटारात सोडतात किंवा त्यात मुद्दाम थंड पाणी मिसळतात. कारण साधे आहे. उकळीच्या जवळचे पाणी पंपाच्या तोंडाशी वाफ होऊ लागते आणि पंप खडखडतो. त्यावर उपाय म्हणजे टाकी उंचावर नेणे, सक्शनचा, म्हणजे पंपाकडे पाणी ओढणारा, पाइप मोठा व आखूड ठेवणे. पाणी थंड केल्याने पंप वाचतो, पण त्याची किंमत रोज इंधनात मोजावी लागते.

धुराड्याकडे जाणाऱ्या वायूचे तापमान साधारण 22 अंशांनी उतरवले की इंधन एक टक्का वाचते. ते हवे तितके मात्र उतरवता येत नाही. गंधकयुक्त इंधन असेल तर थंड पत्र्यावर सल्फ्युरिक आम्ल साचते आणि इकॉनॉमायझरच्या, म्हणजे या वायूच्या उष्णतेवर बॉयलरचे पाणी तापवणाऱ्या यंत्राच्या, नळ्या खाल्ल्या जातात. नळीचा धातू आतल्या पाण्याइतकाच गरम राहतो, त्यामुळे थंड पाणी थेट आत सोडणे हीच तिथली मोठी चूक ठरते.

हवेचेही तसेच. धूर दिसू नये म्हणून बॉयलर चालवणारा हवा वाढवून ठेवतो. धुरातल्या वायूत 8 टक्के ऑक्सिजन असेल तर गरजेपेक्षा सुमारे 62 टक्के जास्त हवा उगीचच तापवली जात आहे असे समजावे. 3 टक्के असेल तर 17. उलट हवा फार कमी केली तर कार्बन अर्धवट जळतो. एक किलो कार्बन पूर्ण जळला तर सुमारे 8,080 किलोकॅलरी देतो, कार्बन मोनॉक्साइडपर्यंतच जळला तर 2,430. म्हणून ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही एकत्र मोजावेत, तेही बॉयलरमधून वायू बाहेर पडतो तिथेच. पुढे दारांच्या फटींतून शिरलेली हवा मीटरला फसवते.

एवढे झाल्यावर खरा प्रश्न विचारता येतो: उष्णता किती अंशांची हवी? दुधाच्या पाश्चरीकरणाला 72 अंश, 15 सेकंद पुरतात. त्यासाठी सात बारची, 170 अंशांची वाफ फिरवली जाते. 40 अंशांच्या वाया जाणाऱ्या पाण्यातून 90 अंशांची उष्णता काढणारा हीट पंप एका युनिट विजेत साधारण साडेतीन युनिट उष्णता देतो. त्याच्याकडून 170 अंश मागितले तर दोन युनिटही मिळणे कठीण. वीज 35 टक्के कार्यक्षमतेच्या कोळसा केंद्रातून येत असेल, तर हा पंप कोळशाच्या बॉयलरपेक्षा बरा ठरतो, पण चांगल्या गॅस बॉयलरपेक्षा कार्बन कमी करायला त्याने चार युनिटांच्या वर जायला हवे. विजेचे मूळ न पाहता केलेले दावे आम्हाला पटत नाहीत.

खर्चाच्या बाजूने पाहिले तर तेलाचा भाव 1973-74 मध्ये काही महिन्यांत पिंपाला सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरजवळ गेला, जुलै 2008 मध्ये 147 डॉलरवर, आणि 20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकेतला वायदेभाव शून्याखाली उतरला. भाव पडले की दुरुस्तीचा निधी पहिला कापला जातो. मग पुढच्या भडक्याच्या वेळी तीच गळती जागेवर असते आणि बिल मात्र कैक पट झालेले असते.

म्हणून सरकारे हीट पंपासारख्या नव्या यंत्रणेला अनुदान देतात तेव्हा त्यांनी आधी गळती, ट्रॅप, कंडेन्सेट आणि उघड्या व्हॉल्व्हचे लॅगिंग (उष्णता रोखणारे आवरण) यांची दुरुस्ती करून घ्यावी, आणि त्यानंतरचे सहा महिन्यांचे वाफेच्या मीटरचे आकडे मागावेत. गळतीसकट गरज धरली की हीट पंप अवाढव्य घेतला जातो, तो सतत बंद-चालू होतो आणि कॉम्प्रेसर लवकर झिजतो. मीटर बसवताना त्याआधी पाइपच्या व्यासाच्या किमान दहापट सरळ लांबी असावी आणि वाफेतले पाणी वेगळे करणारा सेपरेटर लावावा. ओल्या वाफेवरचे आकडे चुकीचे येतात, आणि त्यावर आखलेली पुढची सगळी यंत्रणाही चुकते.

आपले,
औद्योगिक ऊष्मा व बॉयलर क्षेत्रात काम करणारे अभियंते