शिट्टी पुढे कोणाच्या हातात?

माननीय संपादक,

दरवर्षी गणपतीच्या आधी तुमच्या पेपरात लेझीम पथकांच्या सरावाचे फोटो येतात, मी इकडे मॅसॅच्युसेट्सला बसून ते ऑनलाइन एकेक करून बघते, आणि दरवेळी नजर फोटोत नसलेल्या माणसाला शोधते. शिट्टीवाल्याला. मी मूळची मिरजेची. शाळेत आमचे पीटीचे सर लेझीम घ्यायचे, एक शिट्टी झाली की आगे फलांग, पुढची झाली की दो रुख, अख्खं ग्राउंड एकदम वळायचं. सर रिटायर झाले आणि दोन वर्षांत शाळेचं लेझीम बंद. मुली होत्या, लेझमी स्टोअररूममध्ये होत्या, हलगीवाले काका पण होते. फक्त सरांच्या हाताखाली कोणी तयार झालं नव्हतं, आणि तयार करा असं त्यांना कधी कोणी म्हटलंही नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळंय. इकडे न्यू इंग्लंडात कॉन्ट्रा डान्स नावाचा लोकनाच आहे. दोन लांब रांगा समोरासमोर, फिडल वाजतंय, आणि स्टेजवर माइक घेऊन एकजण पुढची चाल सांगतो, त्याला कॉलर म्हणतात. एक फेरी ६४ ठेक्यांची, १६-१६ चे चार भाग, फेरी संपली की प्रत्येक जोडी रांगेत पुढे सरकते आणि नव्या जोडीबरोबर तोच नाच पुन्हा. क्लास वगैरे लावावा लागत नाही, तिकीट काढून कोणीही यावं, कारण कॉलर आधी म्युझिकशिवाय सगळं एकदा चालवून घेतो आणि मगच बँड सुरू होतो. म्हणजे हॉलमधल्या शंभर माणसांची भिस्त त्या एका आवाजावर.

सहा वर्षं नुसतं नाचून झाल्यावर मी कॉलिंग शिकायला घेतलं, म्हणजे एका जुन्या कॉलर बाईंनी मला हाताशी धरलं असं म्हणा. पहिले दोन महिने त्यांनी माइक दाखवला पण नाही. घरी ओट्यावर वाट्या आणि पेले मांडायचे, एका बाजूचे वाट्या, दुसऱ्या बाजूचे पेले, आणि प्रत्येक चालीनंतर कोण कुठे आलं ते सरकवत बघायचं, तोंडाने ठेके मोजत. मग आलं टायमिंग. चाल ज्या ठेक्यावर सुरू होते त्याच्या आधीच कॉल बोलून संपला पाहिजे, ठेका पडल्यावर बोललात तर पाय कधीच निघून गेलेले असतात. हे वाचून अजिबात कळत नाही हो, शेजारी कोणीतरी उभं राहून "आता, आता बोल" म्हणावं लागतं.

पहिल्यांदा त्यांनी मला एकच नाच दिला, इंटरव्हलनंतरचा, तोपर्यंत लोकांचे पाय मोकळे झालेले असतात म्हणून. तिसऱ्या फेरीत माझा कॉल उशिरा गेला आणि एक रांग पार विस्कटली. बाई कडेलाच उभ्या होत्या, पण त्यांनी माइक मागितला नाही, माझ्याकडे बघत हाताने ठेका मोजत राहिल्या आणि पुढच्या फेरीच्या सुरुवातीला मला सूत परत सापडलं. नंतर पार्किंगमध्ये अर्धा तास बोलल्या. रांगेच्या शेवटी नवी माणसं उभी राहतात, तिकडे बघून बोल. आणि चारपाच फेऱ्यांनी पायांना चाल कळते, मग कॉल कमी करत करत गप्प हो, लोकांना म्युझिक ऐकू दे. गप्प कधी व्हायचं हे शिकवणारं माणूस मला तरी आधी भेटलं नव्हतं.

ही साखळी इकडे जुनी आहे. न्यू हॅम्पशायरचे राल्फ पेज (१९०३-१९८५) हे मोठे कॉलर, त्यांच्याकडून टेड सॅनेला शिकले, सॅनेलांकडून पुढचे कितीतरी. १९१५ साली सुरू झालेली कंट्री डान्स अँड साँग सोसायटी कॉलर लोकांना शिकवण्याचं काम आजही करते, आणि काही गावांत नवख्यांसाठी ओपन माइक ठेवतात. आणखी मागे गेलं तर अमेरिकेत कॉल देत नाचवण्याची रीत रुजवण्यात कृष्णवर्णीय फिडलवादकांचा मोठा वाटा, त्यातले कितीतरी गुलामगिरीतले होते, आणि त्यांची नावं मात्र फारशी कोणी लिहून ठेवली नाहीत. शिकणं उलट्या बाजूनेही चालतं बरं का. पूर्वी कॉलमध्ये जेंट्स आणि लेडीज म्हणायचे, आता बऱ्याच ठिकाणी डावीकडचा लार्क आणि उजवीकडचा रॉबिन, बाई असो की पुरुष. तो बदल सत्तरीतल्या कॉलर लोकांनी तरुणांकडून शिकून घेतलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

आपल्याकडे काय कमी आहे सांगा? पालघरच्या वारली पाड्यांवर तारप्याचा सूर बदलला की नाचणाऱ्यांची चाल बदलते, तिथे वाजवणाराच कॉलर. आमच्या मिरजेशेजारच्या म्हैसाळची मंडळी १९८२ च्या एशियाडला दिल्लीत लेझीम खेळून आली. "लोककला मरत चालल्यात" अशी पत्रं तुमच्याकडे नेहमी येतात, पण नाचायला पोरं भरपूर आहेत, पथकांचे फोटोच बघा ना. नाचवणारा एकच असतो, तो म्हातारा झाला की सगळं त्याच्याबरोबर जातं. पथकं चालवणाऱ्या दादा-ताईंना माझी हात जोडून विनंती आहे, यंदाच्या सरावात रोज एक डाव तरी विशीतल्या एखाद्या पोरीच्या हाती शिट्टी द्या, स्वतः कडेला उभे राहा, आणि रांग विस्कटली तरी शिट्टी परत मागू नका.

आणि संपादक साहेब, तुम्हालाही एक मागणं आहे. या वेळी सरावाचा फोटो छापाल तेव्हा खाली शिट्टीवाल्याचं नाव द्या, आणि त्याच्या हाताखाली कोण शिकतंय त्याचंही.

आपली नियमित वाचक,
मूळची मिरजेची, सध्या मॅसॅच्युसेट्स