खुर्च्या समोरासमोर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

घर नव्यानं सजवून घ्यायचा आराखडा मी थांबवलाय. फॉल्स सीलिंग, चारही भिंतींना एकच फिका रंग, बंद कपाटं. चित्र देखणं होतं, पण त्यात तुम्ही दोघं कुठं बसणार तेच मला दिसेना.

बाबा, मागच्या खेपेला सगळे बोलत बसलो की तुम्ही उठून आत जायचात. आम्हाला वाटलं, चिडचिड वाढली. मग एकदा खोलीत कुणी नसताना मी टाळी वाजवून पाहिली, तर आवाज घुमतच राहिला. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचेचं टेबल. पुस्तकांचं कपाट आम्हीच तिथून हलवलं होतं, त्यामुळे आवाज शोषून घेणारं काही उरलंच नव्हतं. तुमचं श्रवणयंत्र बोलण्याबरोबर हे घुमणंही मोठं करतं. शब्दात शब्द मिसळतात, कान देऊन देऊन माणूस थकतो आणि गप्प होतो. इतके महिने आम्ही तुमच्या स्वभावाला बोल लावला, याचं फार वाईट वाटतंय.

म्हणून सगळ्यात आधी कपाट परत जागेवर आणि खिडक्यांना जाड पडदे. गालिचा नको, पाय अडकायचा. खुर्च्या टीव्हीकडे नाही, समोरासमोर. बोलणाऱ्याचे ओठ दिसले की अर्धं ऐकू येतं.

आई, तुझा दिवस सरत नाही आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मला वाटतं, दोन्हींचं मूळ बरंचसं एकच आहे. दिवसभर पडदे ओढलेले, ट्यूब चालू. शरीराचं घड्याळ मुख्यतः उजेडावर लागतं. त्यात वयानं डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, बाहुली लहान होते. विशीत आत पोचायचा त्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड साठीत पोचतो. तेव्हा सकाळी पूर्वेची खिडकी उघड आणि खुर्ची तिच्या बाजूला ठेव. अगदी समोर नको, डोळे दिपतात. संध्याकाळी 2700 केल्विनचे पिवळसर दिवे लावू. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, खोक्यावर आकडा असतो. रात्री बाथरूमच्या वाटेवर मात्र खाली मंद दिवा हवाच.

त्या खिडकीतून झाड दिसतं, तेही मोलाचं. रॉजर उल्रिच या संशोधकानं पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांचा अभ्यास 1984 मध्ये प्रसिद्ध केला. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. संख्या लहान आहे, तरी मला ते पटतं.

आणि शिलाई मशीन. आराखड्यात त्याला जागाच नव्हती. ते कुठंही हलणार नाही.

शनिवारी येते. तोवर सकाळी, दुपारी, संध्याकाळी कुठं बसावंसं वाटतं ते दोघांनी लिहून ठेवा. बाबा, तुमचा कागद वेगळा. आईला न विचारता लिहा.

तुमची लेक