कलानियतकालिकं वाचकांअभावीच बंद पडतात असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत छोट्या कलानियतकालिकांच्या अवस्थेवर आलेला लेख वाचला. या विषयाला एवढी जागा दिलीत याबद्दल मनापासून आभार. लेखाचा निष्कर्ष मात्र मला पटला नाही. वाचक उरला नाही म्हणून ही नियतकालिकं बंद पडतात, असं लेखकाने म्हटलं आहे. मी अशाच एका द्वैमासिकात बरीच वर्षं सहसंपादक म्हणून काम करते. माझ्या पाहण्यातली जी नियतकालिकं थांबली, त्यांतल्या बहुतेकांचे वर्गणीदार शेवटपर्यंत टिकून होते. अंक ज्या एक-दोन माणसांच्या जिवावर निघत होता ती आजारी पडली, दमली, घर चालवायला दुसरी नोकरी धरून निघून गेली. त्यांच्या जागी दुसरं कोणी आलं नाही, कारण त्या जागेला कधी पगारच नव्हता.

हे काम नेमकं काय असतं, याची बाहेर फारशी कल्पना नसते. चित्रकारांशी गप्पा, उद्घाटनं, गॅलऱ्यांमधल्या फेऱ्या असं काहीसं चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर येतं. आमचा बराचसा वेळ जातो तो चित्राखालच्या एका ओळीत. चित्रकाराचं नाव, शीर्षक, साल, माध्यम, आकार, चित्र कोणाच्या संग्रहात आहे आणि त्याचं छायाचित्र कोणी काढलं, एवढं त्या ओळीत यायला हवं. प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये एक साल, कुटुंबीयांच्या यादीत दुसरं आणि कॅनव्हासच्या मागे चित्रकाराच्या हातचं तिसरं, असं वारंवार आढळतं. मग चित्र ज्यांच्याकडे आहे त्यांना फोन करायचा, चित्र भिंतीवरून उतरवून मागची बाजू बघायची विनंती करायची, तिचा फोटो मागवायचा, चौकटीवर एखाद्या जुन्या प्रदर्शनाची चिठ्ठी असेल तर तिच्यावरची तारीख पडताळायची. आकार देताना उंची आधी आणि रुंदी नंतर, हा रूढ संकेत. आकडे उलटे पडले की उभं चित्र आडवं होतं. अमूर्त चित्र असेल तर वरची बाजू कोणती हेसुद्धा विचारून घ्यावं लागतं. १९६१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फ्रेंच चित्रकार मातिस यांची एक कागद कापून केलेली कलाकृती ४७ दिवस उलटी टांगलेली होती. तज्ज्ञांची फौज असलेल्या संस्थेत हे घडू शकतं, तर दोन टेबलांच्या कार्यालयात किती डोळ्यांत तेल घालून बसावं लागत असेल! आणि बसायलाच हवं. चित्र विकलं जातं, घर बदलतं, कधी कायमचं दिसेनासं होतं. पुढे कोणी त्या चित्रकाराचा अभ्यास करायला घेतला की आम्ही छापलेली ओळच त्याच्या हाती लागणार असते.

परवानगीचं काम याहून नाजूक. चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापू देण्याचा हक्कही आपल्याकडे आला, असं पुष्कळ संग्राहकांना प्रामाणिकपणे वाटतं. सहसा तसं नसतं. तो हक्क चित्रकाराकडे आणि त्याच्या पश्चात वारसांकडे राहतो, भारतात मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपातल्या बहुतेक देशांत ७० वर्षं. वारस विखुरलेले असतात, एकमेकांशी बोलत नसतात. प्रत्येकाला वेगळं पत्र, वेगळा फोन.

मग छपाई. व्हॉट्सअॅपवरून आलेलं चित्र फोनवर सुंदर दिसतं. छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू लागतात, आणि ते त्यात नसतात. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, कागदावरचा शाईचा. चार शाया एकमेकींवर चढवून झळझळीत नारिंगी किंवा खोल अल्ट्रामरीन निळा जसाच्या तसा उतरत नाही. म्हणून मशीनवर पहिले ताव निघतात तेव्हा कोणीतरी मूळ चित्र पाहिलेलं माणूस तिथे उभं राहावं लागतं आणि लाल जरा कमी करा, पिवळा वाढवा, असं सांगावं लागतं. ते माणूस बहुधा आदल्या रात्री प्रुफं वाचत जागलेलं असतं. पानांचा हिशेबही मनासारखा करता येत नाही. अंक १६ पानांच्या फॉर्मांत, म्हणजे एकाच मोठ्या तावावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यांत, बांधलेला असतो. शेवटच्या क्षणी जाहिरात रद्द झाली की एक रंगीत फॉर्म कृष्णधवल करावा लागतो, आणि कोणाची चित्रं बिनरंगाची जाणार हा निर्णय घेताना जीव तुटतो.

समीक्षेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नियतकालिकाचा खरा प्राण तिथे आहे. प्रदर्शन आठवडा-दोन आठवडे चालतं, आमचा अंक दोन महिन्यांनी निघतो. वाचकाच्या हाती परीक्षण पडतं तेव्हा भिंती रिकाम्या झालेल्या असतात. त्यामुळे ज्याने चित्र पाहिलेलं नाही आणि बहुधा पाहणारही नाही, त्याच्यासमोर ते शब्दांनी उभं करावं लागतं. 'तरल', 'प्रभावी', 'अंतर्मुख करणारं' असे शब्द आम्ही लेखकाला परत पाठवतो आणि विचारतो, कॅनव्हासवर होतं काय? रंग पातळ होता की थर चढवलेले? आकृती चौकटीच्या कडेला का ढकलली होती? चौथ्या खर्ड्यात लेखकालाच आपलं मत बदललेलं दिसतं. माझ्या लेखी या कामाइतकं आनंदाचं काम दुसरं नाही. पण ते करायला दोन्ही बाजूंना वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे कोणीच देत नाही. त्यात कलेचं जग लहान. ज्या गॅलरीची जाहिरात मलपृष्ठावर आहे तिच्याच प्रदर्शनावर कडक परीक्षण आलं, तर एका बाजूला समीक्षकाचं प्रामाणिक मत आणि दुसऱ्या बाजूला अंकाच्या कागदाचा खर्च. आम्ही परीक्षण छापलं आहे आणि जाहिरात गमावली आहे. पुन्हा वेळ आली तरी तेच करू, कारण परीक्षणावरचा विश्वास गेला की मग मागे केवळ रंगीत पानं उरतात.

आपल्या लेखकांच्या मताला दुजोरा देणारं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, तेही प्रामाणिकपणे मांडते. छायाचित्रणाला कलेचा मान मिळवून देणारं 'कॅमेरा वर्क' हे त्रैमासिक अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९०३ ते १९१७ या काळात चालवलं. एके काळी हजाराच्या घरात असलेले वर्गणीदार शेवटी चाळिसाच्याही आत आले. म्हणजे वाचक गेले हे खरं. पण त्याची छपाई अशी होती की १९०४ मध्ये ब्रसेल्सच्या एका प्रदर्शनात मूळ छायाचित्रं वेळेवर पोचली नाहीत तेव्हा या नियतकालिकातली चित्रं भिंतीवर लावली गेली आणि पाहणाऱ्यांतल्या बहुतेकांना ती मूळच वाटली. हा दर्जा एकाच माणसाने, बराचसा पदरमोड करून, पेलला होता. एकट्याच्या खांद्यावर तो पेलायचा असेल तर कधीतरी थांबणं आलंच. याउलट हॅरिएट मन्रो यांनी १९१२ साली शिकागोत 'पोएट्री' मासिक काढताना आधी शंभर माणसं गाठली आणि प्रत्येकाकडून पाच वर्षं दरसाल ५० डॉलर देण्याचं वचन घेतलं. त्यामुळे कवींना पहिल्यापासून मानधन देता आलं. ते मासिक आजही निघतं. मन्रो यांनी वाचकांची वाट पाहण्याआधी कामाच्या पैशांची सोय केली, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आज विशेषांकाला देणगीदार मिळतो, वर्धापनदिनाच्या समारंभाला मिळतो. मुद्रितशोधकाच्या वर्षभराच्या पगाराला मिळत नाही. कलाप्रेमी संस्थांनी आणि व्यक्तींनी यापुढे एखाद्या अंकाऐवजी एका माणसाचं वेतन पुरस्कृत करावं, अशी माझी विनंती आहे. वर्गणीदारांनी पत्ता बदलला की कळवावं; परत आलेल्या प्रत्येक अंकाचं टपाल दोनदा भरावं लागतं.

आणि एक विनंती आपल्याला. पुरवणीत नव्या पुस्तकांचं सदर असतं. त्यात महिन्यातून एकदा छोट्या नियतकालिकांच्या ताज्या अंकांची नोंद, वार्षिक वर्गणी आणि पत्त्यासकट, घ्यावी. संपादकाच्या नावाबरोबर मुद्रितशोधक, मांडणीकार आणि छायाचित्रकार यांचीही नावं द्यावीत. सध्या नियमित निघणाऱ्या अंकांची यादी करून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एका कलाविषयक द्वैमासिकाची सहसंपादक