मतपेटी सांभाळणाऱ्या मास्तरांना मत कधी?

प्रति,
मा. ना. श्री. दादाजी भुसे,
शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

साहेब, सप्रेम नमस्कार.

विधान परिषदेच्या पुणे आणि अमरावती शिक्षक मतदारसंघांच्या आमदारांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. आमच्याकडे त्याची चाहूल फार आधी लागते. इच्छुकांचे वाढदिवस अचानक मोठे होतात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘शिक्षकांचा आवाज’ अशी चित्रं फिरू लागतात आणि माझ्यासारख्या निवृत्त केंद्रप्रमुखालाही (आसपासच्या प्राथमिक शाळांच्या गटावर, म्हणजे केंद्रावर देखरेख करणारा) फोन येतो : “सर, तुमच्या केंद्रात आपली मतं किती?” मी सांगतो, शाळा सगळ्या जिल्हा परिषदेच्या आहेत, शिक्षक भरपूर आहेत, मत एकाचंही नाही. मग पलीकडचा माणूस “बरं बरं, भेटू” म्हणतो आणि फोन ठेवतो.

हे पत्र त्या “बरं बरं” विषयी आहे, म्हणजे प्राथमिक शिक्षकांना या निवडणुकीत मत नाही त्याविषयी.

आपल्याला हे ठाऊक आहेच, पण वाचणाऱ्या पालकांसाठी सांगतो. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात शिक्षकांच्या आहेत. घटनेच्या कलम १७१ नुसार एक द्वादशांश सदस्य शिक्षकांनी निवडायचे. मात्र हे शिक्षक माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाच्या संस्थेतले नसावेत, आणि गेल्या सहा वर्षांत त्यांची किमान तीन वर्षं शिकवण्याची सेवा झालेली असावी. म्हणजे आठवी-नववीला भूगोल शिकवणारे हायस्कूलचे सर मतदार. पहिलीच्या पोरांना पाटीवर अक्षर गिरवायला लावणाऱ्या जिल्हा परिषद शाळेच्या बाई मतदार नाहीत. घटना लिहिली गेली तेव्हा या अटीमागे काही विचार असेल. पण आज बारावीनंतर डी.एड., मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल अशा चाळण्यांतून आलेल्या शिक्षकाला ‘दर्जा’च्या नावाखाली बाहेर ठेवायचं, याचं समर्थन आपण कुठल्या शाळेत जाऊन कराल?

गंमत पुढेच आहे. या निवडणुकीला मी मतदान अधिकारी म्हणून बसलेलो आहे. शिक्षक मतदारसंघाचं मतदान यंत्रावर होत नाही. कागदी मतपत्रिकेवर नावासमोर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात आणि तेही निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच. दुसऱ्या पेनने लिहिलं, अंकाऐवजी बरोबरची खूण केली, की मत बाद. शेजारच्या गावच्या हायस्कूलमधले ओळखीचे सर आले, मी मतपत्रिकेची घडी नीट समजावली, पेन हातात दिला. मतदान संपल्यावर मतपेटीला सील लावताना माझ्याबरोबर जे कर्मचारी होते त्यांत प्राथमिक शिक्षकही होते. एरवी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून गावाची मतदार यादी दारोदार फिरून करणारेही हेच. शिक्षकांच्या निवडणुकीत शिक्षक म्हणून त्यांचं काम एवढंच.

आता उमेदवाराकडे वळू. मतदार शिक्षक असला पाहिजे, उमेदवार मात्र शिक्षक असण्याची गरज नाही. वय ३० पूर्ण असावं आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असावं, संपलं. पदवीधर मतदारसंघाच्या उमेदवाराला पदवी असलीच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितलं आहे. शिक्षकांच्या जागांचंही तेच. त्यामुळे या सात जागांवर संस्थाचालक येतात, पक्षांचे कार्यकर्ते येतात, क्वचित पत्रकारही येतात. पत्रकार म्हणजे वाईट असं मी म्हणणार नाही. कपिल पाटील पत्रकारितेतून आले आणि २००६ पासून २०२४ पर्यंत मुंबईच्या शिक्षकांचे आमदार राहिले. मुंबईतल्या शिक्षकांचे पगार राष्ट्रीयीकृत बँकेतून काढून जिल्हा बँकेत नेण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यांच्या शिक्षक भारती या संघटनेने तो उच्च न्यायालयात नेला आणि जिंकला. मत असलं की कुणीतरी तुमच्या पगाराच्या पासबुकासाठी सुद्धा भांडतो, एवढाच धडा मी त्यातून घेतो.

शाळा-व्यवस्था आतून चालवलेली माणसं सभागृहात किती येतात, हा माझा खरा प्रश्न आहे. गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, उपसंचालक यांना संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना) पद कसं उडतं, शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीतून वेतन कुठे अडतं, वीस पटाच्या आतली शाळा बंद केली की कुठल्या वाडीची मुलगी घरी बसते, हे पाठ असतं. पण सेवेत असताना त्यांना राजकारणाचं नाव काढता येत नाही, आणि निवृत्ती ५८ ला. तोवर तालुक्यातली जागा कुणाच्या तरी मुलाने धरलेली असते. शिक्षण खात्यात अधिकारी राहिलेले ज. मो. अभ्यंकर २०२४ मध्ये मुंबई शिक्षक मतदारसंघातून निवडून आले, ते शिवसेना (उद्धव ठाकरे) पक्षाच्या शिक्षक सेनेचं पाठबळ होतं म्हणून. अशी उदाहरणं बोटावर मोजण्याएवढी. आणि गंमत अशी, की शिक्षणाधिकारी निवृत्त होऊन या मतदारसंघात उभा राहू शकतो, पण स्वतःला मत देऊ शकत नाही, कारण त्याची अलीकडची वर्षं वर्गात गेलेली नसतात!

अमेरिकेत शाळा-जिल्ह्याचा सुपरिंटेंडेंट राजकारणात गेला तर कुणाला नवल वाटत नाही. विस्कॉन्सिनचे टोनी एव्हर्स १९७६ मध्ये बॅराबू गावात विज्ञान शिक्षक म्हणून लागले. पुढे मुख्याध्यापक झाले, मग ओकफील्ड आणि व्हेरोना इथे सुपरिंटेंडेंट. राज्याच्या शिक्षणप्रमुखाचं पद तिथे निवडणुकीने भरतात. १९९३ आणि २००१ अशा दोन वेळा ते हरले, २००९ मध्ये जिंकले आणि २०१८ मध्ये गव्हर्नर झाले. या माणसाने २०२३ च्या अर्थसंकल्पात जे केलं ते वाचून मी मनापासून हसलो. विधिमंडळाने शाळांना दर विद्यार्थी ३२५ डॉलर जादा उभारायची मुभा दोनच वर्षांसाठी दिली होती, २०२४-२५ पर्यंत. गव्हर्नरला तिथे मजकुराचा काही भाग खोडायचा अधिकार असतो. एव्हर्सनी ‘२०२४-२५’ मधले सुरुवातीचे २० आणि मधली रेघ खोडली. उरलं २४२५. मुभा चारशे वर्षांची झाली! प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी टिकलं. त्याचा भार मालमत्ता करावर येतो म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती अगदीच गैर नाही. पण शाळेचं बजेट स्वतः जुळवलेल्या माणसालाच त्या एका ओळीची किंमत कळली.

आपल्याकडे अशी माणसं झालीच नाहीत असं नाही. अमरावती पदवीधरमधून प्रा. बी. टी. देशमुख तीस वर्षं परिषदेत होते आणि नियमाचं पुस्तक उघडून विदर्भाच्या अनुशेषावर सरकारला घाम फोडत होते. असा एखादा माणूस प्राथमिक शिक्षणाच्या बाजूने सभागृहात असता, तर गेल्या वर्षी काय झालं असतं याचा विचार करून बघा. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी. प्रकरण महाराष्ट्रातल्या एका अपिलातूनच उभं राहिलेलं. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाई आज रात्री स्वयंपाक उरकून मुलीच्या जुन्या गाइडमधून बालमानसशास्त्राचे प्रश्न पाठ करताहेत. टीईटी असावी की नसावी यावर माझं मत वेगळं आहे, ते इथे नको. पण ज्यांच्या भाकरीवर हा निकाल सर्वाधिक पडला, त्यांचा शिक्षक आमदारांवर मताचा काडीचाही दाब नाही.

आपले सचिव आपल्याला सांगतील की प्राथमिक शिक्षक पदवीधर मतदारसंघात मत देतातच. देतात, पदवी असेल तर. तिथे ते वकील, अभियंते, बँकवाले यांच्या गर्दीतला एक असतात. ज्याने डी.एड.वर आयुष्य काढलं त्याला तेही नाही. दुसरी सबब असते की हा संसदेचा विषय आहे. बरोबर, घटनादुरुस्ती लागेल. पण राज्याने ठराव करून शिफारस पाठवायला कुणी अडवलेलं नाही. तिसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलतो : प्राथमिक शिक्षकांची संख्या मोठी. ते मतदार झाले तर हायस्कूल आणि कॉलेजवाल्यांच्या संघटनांचं, संस्थाचालकांचं गणित कोलमडेल. परिषदेच्या जागा विधानसभेच्या एक तृतीयांशापर्यंत, म्हणजे ९६ पर्यंत वाढवता येतात, तरी शिक्षकांच्या वाट्याला सातच्या आठ होतील. म्हणजे आहे त्या भाकरीत वाटेकरी वाढवायचे आहेत, आणि ते आताच्या वाटेकऱ्यांना नको आहे. मला त्यांचा राग नाही, पण सरकारने त्यांच्या सोयीने किती वर्षं गप्प बसायचं?

मागणी एकच आहे. कलम १७१ मधली ‘माध्यमिकपेक्षा कमी नाही’ ही अट काढून मान्यताप्राप्त शाळांतल्या सर्व शिक्षकांना मतदार करावं, अशी शिफारस करणारा शासकीय ठराव आपण दोन्ही सभागृहांत आणावा. अशासकीय ठराव नको, त्याला शुक्रवारची वेळ मिळते आणि कोरम मिळत नाही. ठराव येणार असेल तर कोणत्या अधिवेशनात, आणि येणार नसेल तर का, एवढं एका ओळीत कळवलंत तरी चालेल. ती ओळ मी केंद्राच्या ग्रुपवर टाकतो.

कळावे,
आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख,
ता. जुन्नर, जि. पुणे